गिरिजाबाईची पात

सावडीचे दिवस गिरिजाबाईच्या तोंडात असतात. वही नाही, भिंतीवर रेघा नाहीत. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या, दिवसाला दिवस. आणि कुणाचा दिवस कुणाकडे फिरायचा राहिलाय ते गिरिजाबाईला विचारायचं. तीन वर्षांमागं अंबुबाई पोटात कळ आली म्हणून दुपारीच रानातून उठली होती आणि त्याच दिवशी उन्हं कलताना मंद्रूपच्या बाजारात बांगड्या भरून घेत होती. हे अंबुबाई विसरली, तिचा नवरा विसरला. गिरिजाबाई विसरलेली नाही. फक्त बोलून दाखवत नाही. लागेल तेव्हा काढता यावं म्हणून माणूस काही गोष्टी कनगीत तळाला ठेवतो, तसं ते ठेवलेलं आहे.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सहाही जणी गिरिजाबाईच्या सोप्यात बसल्या होत्या. ज्वारीला दाणा भरला होता, पाच आठवड्यांनी काढणी लागणार होती, आणि पाळ्या आत्ताच ठरवायच्या होत्या.

"पयला दीस नागम्माचा," गिरिजाबाई म्हणाली. "मागल्या वर्सी तिचं रान शेवटाला पडलं. दुसरा..."

दुसरा कुणाचा ते तोंडाशी आलं होतं, पण वारा आला नाही. तिनं भिंतीला हात टेकला. खांदे वर गेले. छातीत कुणीतरी वाळल्या पाचोळ्यावरून चालत गेल्यासारखं वाजलं. बायकांनी खाली बघितलं, बांगड्या मागंपुढं केल्या. नागम्मानं खाली बघितलं नाही.

"दुसरा अंबूचा," गिरिजाबाईनं वाक्य पुरं केलं. "तिसरा माजा. चौथा..."

पुन्हा तेच.

नागम्मा पंचावन्नची. रानात आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरली की बांधाला टेकल्याशिवाय मान वर करत नाही, आणि जीभही तशीच. "अक्का," ती म्हणाली, "चौथ्यापतूर यायला तुजा दोनदा दम तुटला. सा दीस बोलून हुईनात, ते उपटून कसं व्हायचे?"

"थंडी हाय. उनं वाढली की बसतंय."

"मागल्या वर्सी उनातच तुजी पात मी सोडवली. अर्दी." नागम्मानं तळहात पुढं केला, जणू ती अर्धी पात अजून तिथं पडली होती. "औंदा तू भाकऱ्या घिऊन ये. पात नको धरू."

भाकऱ्या आणायच्या म्हणजे काय, ते सोप्यात सगळ्यांना ठाऊक होतं.  चार वर्षांमागं सावडीतल्या शिवप्पाच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. शिवप्पा येऊन म्हणाला, माझी आई पात धरू शकत नाही, तिच्याऐवजी मी भाकऱ्या पोचवतो, आमचे दिवस राहू द्या. तेव्हा याच सोप्यात, याच भिंतीला पाठ लावून निकाल दिला गेला होता. हात न्हाय तर दीस न्हाय. निकाल देणारी बाई आज त्याच भिंतीला टेकून वारा शोधत होती.

"मी पात धरनार," गिरिजाबाई म्हणाली.

"धर की! मी कुटं नको म्हन्ते?" नागम्मा उठली, लुगडं झटकलं. "पयला दीस माज्याच रानात हाय. दुपारच्या भाकरीपतूर कुनाला तुजी पात सोडवाय लागली न्हाय, तर तुजे दीस तुला. लागली, तर तूच बोल काय करायचं ते. निकाल तुजाच हाय."

*

अडीच एकर मालदांडी ज्वारी. घरात माणसं दोन: गिरिजाबाई सदुसष्टची, नवरा मडिवाळप्पा बहात्तरचा. आणि एक म्हैस, जिला वर्षभर कडबा लागतो. मशीन लावलं तर कणीस मिळतं, कडबा तुडवला जातो. मजूर द्राक्षाला जातात, उसाला जातात. ज्वारी उपटायला आता कुणी फिरकत नाही, तळहाताची साल निघते. दोघा म्हाताऱ्यांनी हात घातला तर पाडवा उलटला तरी निम्मी उभी राहील, आणि उभी राहिलेली पाखरांची.

हे सगळं मुलाला, गुरुशांतला, ठाऊक होतं. तो सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला, भवानी पेठेत दोन खोल्या. फोनवर तो एकच बोलायचा.

"अव्वा, म्हस वीक आनि हिकडं या दोगंबी. कशाला जिवाला खाता?"

"तुज्या हितं काय हवा हाय व्हय रे? मागं आट दीस राह्यले, तर नाकातनं सूत निगालं."

"निदान दवाखाना तरी जवळ हाय."

 गिरिजाबाईनं फोन मडिवाळप्पाकडं दिला. त्यानं तो कानाला लावून नुसतं "हौदू, हौदू" केलं, म्हणजे मुलाचंही बरोबर आणि बायकोचंही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं एवढी एक विद्या पक्की केली होती.

गिरिजाबाईकडं औषधं दोन होती. सोलापूरच्या डॉक्टरनं गेल्या वर्षी जेठात दिलेली. एक निळा पंप, दम चढला की तोंडात दाबायचा. दुसरं कॅपसूलचं मशीन, बोटाएवढं, वर नळी. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ एकेक कॅपसूल घालून घ्यायची. निळ्या पंपानं घटकाभरात बरं वाटायचं, म्हणून तो तिच्या कमरेच्या चंचीत, सुपारीशेजारी. मशीननं काडीचाही फरक पडत नव्हता. पण डॉक्टरनं रोज म्हटलं होतं, आणि गिरिजाबाई रोज म्हणजे रोज धरणारी बाई. सकाळी लिंगपूजा आटोपली की देवघराचं दार आतून लोटायची, कॅपसूल घालायची, मशीन पिळायची, नळी तोंडाला लावायची. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा. बाहेर कुणासमोर नाही. बाईमाणसानं तोंडात नळी धरून बसायचं, हे काय दाखवायचं असतं?

पूजेहून बाहेर आली की पदरावर पांढरं सांडलेलं असायचं.

"ईभूत किती सांडती गं," मडिवाळप्पा म्हणायचा. "कपाळाला थोडी, पदराला जास्ती."

त्या आठवड्यात एक सकाळ धुक्याची निघाली. चुलीत ओल्या तुराट्या, तव्यावर भाकरी, आणि दारात मडिवाळप्पाची बिडी. गिरिजाबाईनं फुंकणी तोंडाला लावून चार फुंका घातल्या, धूर उलटा आला, आणि तिला पाचवी फुंक घालता आली नाही. ती चुलीसमोरच हातांवर ओणवी झाली. ओठ करडे पडले. भाकरी तव्यावर करपली. तिला वास आला पण हात उचलेना. मडिवाळप्पानं बिडी टाकली, चंचीतनं पंप काढून तिच्या तोंडाशी धरला. एकदा, दोनदा, चारदा.

दम खाली बसायला बराच वेळ लागला. बसल्यावर ती पहिल्यांदा बोलली ते असं:

"तुमी पन्नास वर्सं बिडी वढताय, तुमचा दम कसा न्हाय गेला?"

"आता तेला काय करनार."

"ग्येला की. माज्यात यिऊन बसलाय."

*

गावातलं आरोग्य उपकेंद्र घरापासून तीनशे पावलांवर. त्या सकाळी, पूजेआधीच, मडिवाळप्पा तिला तिकडं घेऊन निघाला. गिरिजाबाई तीनदा थांबली: पिंपळाच्या पारावर, हापशाशी आणि कुणाच्या तरी बैलगाडीच्या जुवावर. तिनं ते मोजलं. मोजायचं तिला कुणी सांगावं लागत नाही.

उपकेंद्रात संघप्रिया मॅडम होती. तिशीची, सोलापूरहून आलेली. गावात येऊन दीड वर्ष झालं, आणि एवढ्यात कुणाच्या घरात साखर लपवून खातात याची तिला पक्की माहिती होती. गिरिजाबाईला तिच्याबद्दल मनातून मान होता. बाई मोजते.

"मावशी, निळा पंप किती दिवस जातो?"

"ईस दीस."

संघप्रियानं पेन खाली ठेवलं. "तो अडीअडचणीला असतो. तुम्ही तर सुपारीसारखा वापरताय. आणि रोजची कॅपसूल?"

"ती काय कामाची न्हाय."

"घेत नाही?"

"घेत न्हाय?" गिरिजाबाई ताठ बसली. "आट म्हैनं झालं. सकाळ-सांज. एक दीस चुकला आसला तर माजं नाव टाकून द्या."

संघप्रिया तिच्याकडं बघत राहिली. या बाईचं हे खोटं नाही, हे तिला दिसलं. मग खोट दुसरीकडं कुठंतरी होती.

"घ्या बघू एक माझ्यासमोर. सकाळची झाली नसेल."

"घरी घ्येते की."

"इथं."

गिरिजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमी भाईर व्हा." मडिवाळप्पा उंबऱ्याबाहेर गेला आणि तिथनंच कान देऊन उभा राहिला. गिरिजाबाईनं दाखवायला आणलेलं मशीन चंचीतनं काढलं, कॅपसूल घातली, पिळली, भिंतीकडं तोंड केलं, डोक्यावरनं पदर पुढं ओढला.

फू.

संघप्रिया खुर्चीतनं उठली.

"मावशी, इकडं वळा."

ती वळली. हिरव्या लुगड्याच्या पदरावर पांढरा भुगा उठून दिसत होता.

"ईभूत हाय ती," दारातनं मडिवाळप्पा म्हणाला. "रोज सांडती."

"काका, इथं कुठनं आली विभूती?"

 संघप्रियानं बोटानं तो भुगा टिपला आणि गिरिजाबाईच्या डोळ्यांसमोर धरला. "मावशी, नळी तोंडाला लावली की काय करायचं?"

"फुकायचं," गिरिजाबाई म्हणाली. म्हणजे हे काय विचारणं झालं. अठ्ठेचाळीस वर्षं रोज दोनदा ती चुलीपुढं तोंडाला नळी लावत आली होती, आणि नळीनं दुसरं काही करतात हे त्या घरात कुणी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"ओढायचं असतं. आत."

"डॉक्टरनं दावलं नव्हतं काय गं?" मडिवाळप्पा आत आला.

डॉक्टरनं दाखवलं होतं. स्वतः करून दाखवलं होतं, आणि मग म्हणाले होते, आजी, आता तुम्ही करा. बाकावर दहा परकी माणसं बसलेली. गिरिजाबाईनं तेव्हाही असाच पदर पुढं ओढला होता, आत तोंड हलवलं होतं आणि म्हणाली होती, कळलं. हे ती आता बोलली नाही. तिचं मन दुसरीकडंच लागलं होतं. आठ महिने, दिवसाला दोन. चारशे ऐंशी. चारशे ऐंशी कॅपसूल तिनं देवघराच्या भिंतीला पाजल्या होत्या, आणि भिंतीचा दम एकदम बरा होता.

तिला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. ती म्हणाली, "दावा. परत. मी सगळ्यांच्या देकत करती."

संघप्रियानं दाखवलं. आधी तोंड बाजूला करून छाती रिकामी करायची. मग नळी दातांत, ओठ घट्ट. मग जोरात, खोल, एका दमात आत. "कॅपसूल आत फिरते, खुर्र असा आवाज येतो. आवाज आला तर औषध गेलं. नाही आला तर नाही गेलं. मग दहा आकडे दम धरायचा, सावकाश सोडायचा, आणि चूळ भरून थुंकायची. चूळ विसरायची नाही, तोंड येतं."

"वढायचं म्हंजे कसं?"

"काका बिडी ओढतात तसं."

गिरिजाबाईचा चेहरा बघून संघप्रियानं ओठ आवळले. मडिवाळप्पानं मात्र, जन्मात पहिल्यांदा आपल्या अंगच्या गुणाची कुठं गरज पडतेय हे ऐकून, छाती थोडी पुढं काढली.

"काका, बिडी घरात नको आता. अंगणातही नको. चुलीचा धूर नको. मावशी, लगेच गुण दिसणार नाही. तीन आठवडे, चार आठवडे धरा. बाजाराच्या दिवशी मंद्रूपला डॉक्टरांना दाखवून या, मी चिठ्ठी देते. आणि पंप घेऊनही दम बसेना, बोलायला जमेना, तर काय हातात असेल ते टाकायचं आणि गाडी बोलवायची."

"पाच आटवडं हायत," गिरिजाबाई म्हणाली.

"कशाला?"

"नागम्माच्या रानाला."

*

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली ती कट्ट्यावर, दिवसाउजेडी. देवघरात कुणी बघणारं नव्हतं म्हणून आठ महिने वाया गेले. आता गावानं बघितलं तरी चालेल, असं गिरिजाबाईनं ठरवलं. समोर मडिवाळप्पा, हातात न पेटवलेली बिडी.

"गाल आत जायला पायजेत. आसं." त्यानं ओढून दाखवलं. "तू गाल फुगिवतीस."

"अठ्ठेचाळीस वर्सांची सवय हाय. तुमाला चा पाजायला चूल फुकूनच गाल फुगल्यात."

पहिल्या दिवशी आवाज आला नाही. कॅपसूल फुकट. दुसऱ्या दिवशी तिनं ओढायला घेतलं आणि मध्येच उलटा वारा सोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी नागम्मा पाण्याला जाताना कळशी कमरेवर घेऊन उभीच राहिली.

"यव्वा! अक्का बिडी वढायला लागली काय? आनि मामा मास्तर?"

रस्त्यावरच्या दोघी-तिघी हसल्या. गिरिजाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं तोंड बाजूला करून छाती रिकामी केली, नळी दातांत धरली, आणि नागम्माच्या डोळ्यांत बघत ओढलं.

खुर्रर्र.

एखादा भुंगा काड्यापेटीत कोंडावा तसा. मडिवाळप्पाच्या बोटांतली बिडी खाली पडली. गिरिजाबाईनं मनात दहा मोजले, वारा सोडला, चूळ भरली आणि ती बरोबर नागम्माच्या पायापासून वीतभर अलीकडं टाकली.

"व्हय," ती म्हणाली. "लागली."

चूल परड्यात गेली, लिंबाखाली. गुरुशांतनं दोन वर्षांमागं आणून दिलेली गॅसची शेगडी फडक्याखाली नवी नवरी होऊन बसली होती. तिच्यावर आता चहा आणि रोजची भाकरी. साठवणीच्या कडक भाकऱ्या तेवढ्या परड्यात, वारा पाठीमागनं घेऊन, आणि पेटवायचं काम मडिवाळप्पाचं. फुंकणी त्याच्या हातात आली. पहिल्या दिवशी त्यानं ती तोंडाला लावली आणि, पन्नास वर्षांची सवय, ओढली. मग त्याला खोकताना बघून गिरिजाबाई इतकी हसली की तिलाच थोडा दम लागला.

बिडी त्यानं सोडली असं म्हणता येणार नाही. बांधावर जाऊन ओढायचा, येताना हापशावर तोंड धुवायचा आणि पोरगं शाळा चुकवून आल्यासारखा घरात शिरायचा. दिवसाच्या अकरावरनं चारवर आला. गिरिजाबाई विचारायची नाही. परतायला किती वेळ लागला त्यावरनं तिला आकडा कळायचा.

आणि ती उपकेंद्रापर्यंतचे थांबे मोजत होती. तीनशे पावलांतले तीन. दुसऱ्या आठवड्यात दोन. मंद्रूपच्या डॉक्टरनं छाती ऐकली, मशीन घ्यायची रीत बघितली, मान हलवली, हेच चालू ठेवा म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात थांबा एक. मग शेजारच्या रानात पाहुण्यांना हुरडा घातला, आगटीचा धूर अख्खा दिवस गावावर बसला, आणि पुन्हा तीन. त्या दिवशी ती पिंपळाच्या पारावर बराच वेळ बसून राहिली. मडिवाळप्पा शेजारी टेकला.

"गुरुशांतला सांगू काय? दोन म्हैनं जाऊन राहू."

"आन् म्हस?"

"म्हस इकू."

"तिचं दूद तुमाला पचतंय, भवानी पेठेतलं पचल?" ती उठली. "आज तीन झालं. काल एक हुतं. कालचं बी माजंच हाय की."

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी ती न थांबता उपकेंद्रात पोचली आणि दारातनंच विचारलं, "मॅडम, निळा पंप दोन आटवड्यात चारदाच लागला. रानात जाऊ?"

"उपटायला? मुळाची माती उडते मावशी." संघप्रियानं तिच्याकडं नीट बघितलं. नाही म्हटलं तरी ही बाई जाणार, मग सांगून पाठवलेली बरी. "ओलं फडकं नाकातोंडाला. वाळलं की परत ओलं. कामाला हात घालायच्या आधी निळा पंप दोनदा. सोबत कुणीतरी. आणि मळणीच्या मशीनजवळ उभं राहायचं नाही. तिथं मी ऐकणार नाही."

"मळनी न्हाय. कबूल."

"आणि दम चढला तर घाबरून भरभर ओढू नका. बसा. नाकानं घ्या, आणि सोडताना ओठ मुरडून हळूहळू फुंका. जेवढा वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा."

"फुकायचं?"

"हां. हे फुंकायचं."

गिरिजाबाईच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी जुनी ओळख भेटल्यासारखं काहीतरी आलं. "विस्तू राखेत दाबलेला आसतुया," ती म्हणाली, "तेला जोरात फुकलं तर राख उडती. सावकाश फुकाय लागतंय. तसंच न्हवं?"

तिनं फुंकून दाखवलं. संघप्रियानं तिचे मुरडलेले ओठ बघितले. "मावशी, हे तुम्हीच मला शिकवा."

*

नागम्माचं रान ओढ्याकाठी, काळं, भेगाळलेलं. सहाजणी बांधावर आल्या तेव्हा उन्हं कोवळी होती आणि वारा सुटला होता, मावळतीकडनं. पाती वाटून घेताना गिरिजाबाईनं मावळतीच्या कडेची पात धरली. वारा तिच्याकडनं बाकीच्यांकडं जाणार, सगळ्यांची माती उगवतीला उडणार. नागम्माच्या हे ध्यानात यायला चार धाटं उपटावी लागली.

"अक्का, कड तू घ्येतलीस."

"माज्या रानात तू घे."

निळा पंप दोनदा झाला होता. मडिवाळप्पाचं जुनं उपरणं भिजवून तोंडाला बांधलं होतं. मडिवाळप्पा स्वतः बांधावर कळशी घेऊन बसला होता. आपण पाणी पाजायला आलोय असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ज्वारी उपटायची म्हणजे कंबरेत वाकायचं, चार धाटं मुठीत धरायची, झटका द्यायचा. जमीन सोडत नाही. सुटली की मुळाला ढेकूळ घेऊन येते. ते पायावर आपटायचं, माती झाडायची, मागं टाकायचं. धाटाची पानं मनगटावर कापतात. पहिल्या शंभर मुठी गिरिजाबाईला आपण किती वर्षांच्या आहोत हे आठवलं नाही. ढेकूळ ती इतरांसारखी पायावर आपटत नव्हती. खाली वाकूनच, जमिनीला लावून आपटत होती. माती उडायची ती घोट्यापर्यंत. याला वेळ जास्त लागतो. पाचजणी पुढं गेल्या.

आधी हातभर. मग चार हात. मग नागम्माची पाठ वीस हातांवर.

ऊन वर चढलं. उपरणं वाळलं. तिनं मडिवाळप्पाकडं हात केला, त्यानं येऊन पाणी शिंपडलं. पुन्हा वाकली. निम्म्या पातीला आली तेव्हा छातीतला पाचोळा वाजायला लागला. अजून लांबनं, कुणीतरी दुसऱ्याच्या परड्यात चालावं तसा.

बांधाला टेकलेली अंबुबाई मागं फिरली. तिनं गिरिजाबाईच्या पातीच्या शेंड्याकडनं चार धाटांना हात घातला. यात वाईट काही नव्हतं. सावडीत हे रोज होतं.

"अंबू," गिरिजाबाईनं उपरणं खाली ओढलं. एकेक शब्द सुटा आला. "हात. काढ."

"अगं अक्का, एवढी..."

"बांगड्या. मंद्रूपचा बाजार."

अंबुबाईचा हात धाटावरनं असा उठला की जणू त्यात इंगळी होती. बाकीच्यांना काही कळलं नाही. कनगीच्या तळाचं तीन वर्षांनी कामाला आलं.

गिरिजाबाई मात्र खाली बसली. काळ्या मातीत, पातीच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मडिवाळप्पा अर्धा उठला. तिनं तळहात दाखवला, थांबा. हात चंचीकडं गेला आणि पंपावर राहिला, काढला नाही. गुडघ्यांवर कोपर टेकले. नाकानं घेतला, जेवढा आला तेवढा. ओठ मुरडले. आणि राखेतल्या विस्तवावर फुंकावं तशी, सावकाश, लांब, फुंकत राहिली. पुन्हा. पुन्हा. समोरच्या धाटाचं एक वाळलं पान तिच्या फुंकीनं हलत होतं. ती त्या पानाकडं बघत राहिली. भरभर हललं तर चुकलं, एकसारखं हललं तर बरोबर.

नागम्मा तिची पात संपवून बांधावर उभी होती. घामानं काळा झालेला चेहरा, कमरेवर हात. 

पाचोळा लांब गेला. तरी बसायचं तेवढी गिरिजाबाई बसली, वर आणखी वीस फुंका बसली. पंप एकदाच, ठरवून घेतला, घाईनं नाही. मग उपरणं भिजवून बांधलं आणि धाटांना हात घातला.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पाचजणींनी दुसऱ्या पाती अर्ध्या केल्या होत्या. गिरिजाबाईची पहिलीच पात चालली होती. भाकरीचं फडकं नागम्माच्या सुनेनं बांधावर आणून ठेवलं; कुणी ते सोडलं नाही. नागम्मानंच सोडू दिलं नाही. दहा मुठी राहिल्या. सहा. दोन. शेवटची चार धाटं निघाली, मुळं जमिनीला लागून झाडली गेली, आणि गिरिजाबाईनं बांधाच्या दगडाला हात लावला. तळहाताला दोन ठिकाणी रक्त होतं.

"सोड आता भाकरी," ती नागम्माला म्हणाली.

 जेवताना नागम्मानं चटणी तिच्याकडं सरकवली. "एक पात झाली दुपारपतूर. आमच्या दीड-दीड झाल्या."

"व्हय. तुजा अर्द्या पातीचा दीस माज्याकडं निगतोय. मी बसून पेंड्या बांदीन, सांजपतूर. धर त्यात."

"बांदन्याचा दीस धरायचा?" नागम्मा थांबली. "तूच म्हनली हुतीस, हात न्हाय तर..."

"बांदायला काय पाय लागत्यात?" गिरिजाबाईनं तळहात पुढं केला, रक्तासकट. "निकाल माजा हुता, चुकला. आज बदलला. शिवप्पाच्या आईला सांगून ठिवा, ती बसून कनसं मोडू शकती. तिचे दीस लागले. आन् नागम्मा, तुजा गुडगा उटताना वाजतुया. मला लांबनं ऐकू आला. दोन वर्सांनी तुला बी बसूनच काम लागनार हाय. तवा मी आसंन-नसंन, म्हनून आजच सांगून ठिवती."

नागम्मानं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. अंबुबाईला हसू फुटलं, पण तिनं ते भाकरीच्या तुकड्यात दाबलं. आज आपण कमीच बोललेलं बरं, हे तिला कळलेलं होतं.

दिवस मावळतीला गिरिजाबाईच्या हातनं पाच-पाच पेंढ्यांचे एकोणीस पाचुंदे झाले. वारा पडला, धूळ खाली बसली. बायका घोंगड्यावर टेकल्या, मडिवाळप्पानं कळशीतलं राहिलेलं पाणी वाटलं. त्याच्या कानामागं एक बिडी होती, न पेटवलेली, शिकवणीतलीच. पानं सुटायला आली होती.

"उद्या कुनाचं रान गं अक्का?" नागम्मानं विचारलं. पाच आठवड्यांमागं सोप्यात ठरलेलं तिला पाठ होतं. तरी विचारलं.

गिरिजाबाईनं एक बोट वर केलं. चंचीतनं मशीन काढलं, कॅपसूल घातली, पिळली. पदर मागं सारला. तोंड बाजूला करून छाती रिकामी केली, आणि ओढलं.

खुर्रर्र.

सगळ्याजणी मनात मोजत होत्या. आठ, नऊ, दहा. तिनं ओठ मुरडून वारा सोडला, चूळ भरली, बांधापलीकडं थुंकली, पदरानं तोंड पुसलं. पदर स्वच्छ होता.

"आज तुजं झालं. उद्या अंबूचं," ती म्हणाली. "परवा माजं. चौथा, पाचवा, सावा..." आणि सहाही दिवस तिनं एका दमात सांगून टाकले.